‘अक्षमता’ की ‘अडचण’? मुलांच्या तपासणी-अहवालातले शब्द

विचारणा:

माझा मुलगा चौथीत आहे. तोंडी विचारलं तर अख्खा धडा सांगतो, वाचायला दिला की पहिल्याच ओळीत अडतो. शाळेच्या सांगण्यावरून मानसशास्त्रज्ञांकडे त्याची तपासणी करून घेतली. अहवाल इंग्रजीत आला आणि सोबत शाळेला द्यायचं मराठी पत्र. त्यात ठळक अक्षरांत ‘अध्ययन अक्षमता’. पत्र टेबलावर राहिलं आणि नेमकं त्याच्याच हाती लागलं. बोट ठेवून वाचायला लागला. ‘अ’ जमला, ‘क्ष’पाशी बोट थांबलं. ते अक्षर मी सांगितलं. शब्द पुरा झाल्यावर म्हणाला, “म्हणजे मला येणारच नाही का?”

तेव्हापासून हा शब्द काही पचनी पडत नाही. याला मराठीत नेमका पर्याय आहे का? उगाच गोड केलेला नको, खरा हवा.

प्रतिसाद:

तुमच्या मुलानं शब्दाचा अर्थ बरोबर लावला. मराठीत शब्दाच्या सुरुवातीला नकाराचा ‘अ’ लागला की ती गोष्ट नाहीच: अशक्य, अज्ञान, अभाव. चूक त्या शब्दाची आहे.

वाचनाच्या अशा अडचणीचं मूळ नाव ‘डिसलेक्सिया’, त्यात असा ‘अ’ नाही. त्यातला ग्रीक ‘डिस्’ आणि संस्कृतातला ‘दुस्’ किंवा ‘दुर्’ हे एकाच मुळातून आलेले. दुष्कर, दुर्बोध, दुर्गम. दुर्गम जागी पोचता येतं, फक्त वाट अवघड असते. अगम्य जागी पोचताच येत नाही. गंमत म्हणजे नकार दाखवणारा ‘अ’ ग्रीकमध्येही आहे आणि त्याचा अर्थ आपल्यासारखाच. मेंदूला इजा होऊन आधी येत असलेलं वाचन गेलं, तर त्याला ‘अलेक्सिया’ म्हणतात. म्हणजे ‘कठीण जाणं’ आणि ‘नाहीसं होणं’ यांतला फरक दाखवायला लागणारे दोन्ही उपसर्ग आपल्या घरचेच आहेत. तरीही मुलांच्या अडचणीला आपण ‘अ’ लावून बसलो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जुन्या लिखाणात ‘शब्दांधत्व’ही भेटतो. कुसमाउल या जर्मन वैद्यानं १८७७ मध्ये तशा अर्थाचा शब्द वापरला. ‘डिसलेक्सिया’ हे नाव रूडॉल्फ बर्लिन या नेत्रतज्ज्ञानं १८८०च्या दशकात दिलं. दोघांसमोर मोठी माणसं होती. मुलाबद्दल लिहिलं ते १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरानं. मुलगा चौदा वर्षांचा, हुशार, नजर चांगली, पण वाचन येईना. त्याच्या शिक्षकांचं म्हणणं मॉर्गननं नोंदवलं आहे: शिकवणं सगळं तोंडी असतं, तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. तुमच्या पहिल्या दोन वाक्यांत तेच आहे. तरीही ‘शब्दांधत्व’ आज वापरू नये. दोष डोळ्यांत आहे असं वाटतं आणि घरचे चष्म्याच्या नंबरामागे लागतात. डोळे आणि कान तर तपासणीत आधीच पाहून घ्यायचे असतात.

‘अक्षमता’ हा ‘डिसॅबिलिटी’चा शब्दशः अनुवाद. ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ ही संज्ञा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सॅम्युएल कर्क यांनी १९६३ मध्ये पालकांसमोरच्या भाषणात वापरली आणि तिथून ती रुळली. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या नियमावलीची पाचवी आवृत्ती २०१३ मध्ये निघाली, तिच्यात ‘स्पेसिफिक लर्निंग डिसऑर्डर’ आहे, म्हणजे विशिष्ट अध्ययन विकार. यातला ‘विशिष्ट’ फार मोलाचा. अडचण ठरावीक जागी आहे, एकूण बुद्धीत नाही, हे तोच शब्द सांगतो. तुमच्या पत्रातून नेमका तोच गळला आहे. तो गळला की ‘अध्ययन अक्षमता’चा अर्थ ‘याला शिकताच येत नाही’ असा होतो.

माझं मत: परीक्षेतला जादा वेळ वगैरे सवलती ज्या नावावर मिळतात, ते नाव कागदावर पूर्ण ठेवा, ‘विशिष्ट’सकट. खाली ‘वाचनातील अडचण’ असं स्पष्ट लिहून घ्या. घरात, वर्गात, नातेवाइकांत हा दुसराच शब्द चालवा. तो गोड केलेला नाही, मूळ नावाच्या अर्थाला तोच जवळचा आहे.

प्रतिसाद:

मी अशा मुलांना शिकवते. ‘अक्षमता’इतकंच नुकसान ‘टक्के’ हा शब्द करतो. अहवालात ‘पर्सेंटाइल’ असतं, म्हणजे शतमक (काही जण शततमक लिहितात). पालक ते टक्के समजतात. ‘१६वा शतमक’ वाचून एक वडील मुलावर ओरडले होते, शंभरात सोळाच मिळाले म्हणून. शतमक म्हणजे रांगेतली जागा. त्याच वयाची शंभर मुलं कामगिरीप्रमाणे ओळीनं उभी केली, तर साधारण सोळा याच्या मागे. पन्नासावा शतमक म्हणजे बरोबर मधलं मूल.

आणि मुलाला ‘परीक्षा’ किंवा ‘चाचणी’ म्हणू नका. शाळेत चाचणीचे गुण मिळतात, म्हणून मुलं रात्रभर पाठांतर करून येतात. मी ‘तपासणी’ म्हणते.

विचारणाऱ्या आईकडून:

अहवाल पुन्हा काढला. वाचन ६व्या शतमकावर. पण बुद्ध्यांक ११२ आहे. की ‘बुद्धिगुणांक’ म्हणायचं?

प्रतिसाद:

संधीच्या नियमानं ‘बुद्ध्यंक’. बुद्धि अधिक अंक, जसं अति अधिक अंत म्हणजे अत्यंत. ‘निर्देशांक’, ‘गुणांक’ यांच्या नादानं ‘बुद्ध्यांक’ रूढ झाला. ‘बुद्धिगुणांक’ मी टाळतो, त्यात परीक्षेच्या गुणांचा वास येतो.

मूळ इंग्रजी ‘इंटेलिजन्स क्वोशंट’मधल्या ‘क्वोशंट’चा अर्थ आहे भागाकार. १९१२ मध्ये मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला (मूल ज्या वयाच्या मुलांइतकं करून दाखवतं ते वय) प्रत्यक्ष वयानं भागायला सांगितलं. पुढे टर्मन यांनी १९१६ मध्ये त्याला शंभरानं गुणलं. आठ वर्षांच्या मुलाचं मानसिक वय दहा, तर १२५. वेक्सलर यांच्या १९४९ च्या मुलांसाठीच्या कसोटीपासून हा भागाकार मागे पडत गेला. आता समवयस्कांची सरासरी १०० धरतात आणि मूल तिच्यापासून किती दूर आहे ते पाहतात. त्या हिशेबानं ११२ म्हणजे सुमारे ७९वा शतमक. एकाच मुलाचे हे दोन आकडे, ७९ आणि ६, शेजारी ठेवून पाहा. पत्रातून गळलेला ‘विशिष्ट’ इथं डोळ्यांना दिसतो.

विचारणाऱ्या आईकडून:

पत्र बदलून मागितलं. आता ‘विशिष्ट’ आहे आणि खाली ‘वाचनातील अडचण’ही. नवीन पत्र त्याला मीच वाचून दाखवलं. ‘दुर्गम’ त्याला माहीत होता, दुर्ग म्हणजे जिथं जाणं अवघड हेही. ‘अडचण’ मात्र त्यानं स्वतः वाचला, कुठेही न अडता.