मदत हवी आहे – क्रिप्टोवरून इंग्लिश शब्द शिकवायचेत

मंडळी जरा मदत करा. धाकटा भाऊ बारावीला आहे, इंग्लिशच्या पुस्तकाला हात लावत नाही पण बिटकॉइन म्हटलं की लगेच कान टवकारतो, म्हटलं चला त्यातूनच शब्द शिकवू. बिटकॉइन ज्याने आणलं त्या सातोशी नाकामोतोचा २००८ चा मूळ पेपर नऊच पानांचा आहे म्हणून तोच काढला, तर पहिल्याच परिच्छेदात डबल-स्पेंडिंग (तेच पैसे दोनदा खर्च करणं), प्रूफ-ऑफ-वर्क (कॉम्प्युटरने गणिती काम केल्याचा पुरावा) असले शब्द, गाडी तिथेच अडली. वॉलेट, मायनिंग, लेजर समजतंय त्याला, पण व्होलाटाइल (भाव सतत वरखाली होणारं), कोलॅटरल (तारण) असले शब्द नुसते पाठ करतो, वाक्यात वापर म्हटलं की गप्प. सोप्या इंग्लिशमधलं, ऑडिओसकट असं काही माहितीये का कुणाला? फुकट असेल तर उत्तमच. आणि 'हे कॉइन घ्या' वाले चॅनल प्लीज नकोत, क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के टॅक्स भरायला आधी नफा तर व्हायला हवा 😄