मदत हवी आहे: चढतो नीट, उतरताना पाय थिजतात. कळसूबाईला जावं का?

मंडळी, वय ४३, दम चांगला आहे. सिंहगड महिन्यातून दोनदा होतो. अडचण फक्त उंचीची.

गेल्या हिवाळ्यात राजगडाला गेलो होतो. पाली दरवाज्याने आरामात वर. बालेकिल्ल्याचा उभा टप्पाही रेलिंग धरून चढलो. खरी गंमत उतरताना. खालची दरी दिसली आणि पाय जागीच थिजले. तळहात घामेजले, तरी रेलिंग सुटेना. मागे ही रांग! शेवटी एक शाळकरी पोरगा म्हणाला, "काका, कड्याकडे तोंड करा, शिडीसारखे उतरा." तेव्हा कुठे सुटलो. लाज वाटली ती वेगळीच.

आता ऑफिसातली टोळी डिसेंबरात बारी गावातून कळसूबाईला निघाली आहे. १६४६ मीटरचा आकडा मला घाबरवत नाही, त्या लोखंडी शिड्या घाबरवतात. त्यांच्या पायऱ्यांमधून खालचं दिसतं का? रविवारच्या गर्दीत मध्येच थांबता येतं, की मागचे ढकलतात? रात्री चढ, दरी दिसणार नाही, असा एकाचा सल्ला. पण उतरायचं उजेडातच ना!

ज्यांना स्वतःला असं होतं त्यांनीच सांगा, सरावाने फरक पडला का? आधी कुठला सोपा किल्ला करू? "मनातून भीती काढून टाक" हे घरी रोज ऐकतो. आणि हरिहर किल्ल्याच्या उभ्या पायऱ्यांचे व्हिडिओ कृपया टाकू नका, नुसतं बघूनच पोटात गोळा येतो.