मदत हवी आहे: सिलिंडरमधला गॅस लिटरमध्ये किती? 22.4 ने गुणायचं की 22.7 ने?

नमस्कार मंडळी,

मुलगी अकरावी सायन्सला, मी कॉमर्सवाला. पुस्तकातली मोलची (मोल म्हणजे डझनासारखं, पण रेणू मोजायचं एकक) गणितं तिला येतात, म्हणून तिने घरातला 14.2 किलोचा सिलिंडर घेतला. सोयीसाठी सगळा ब्युटेनच धरला. चार कार्बनचे 48, दहा हायड्रोजनचे 10, म्हणजे एक मोल 58 ग्रॅम. 14,200 भागिले 58, साधारण 245 मोल. एक मोल वायू 22.4 लिटर जागा घेतो, म्हणून गुणिले 22.4, म्हणजे 5,488 लिटर! सिलिंडरची धारकता तर 33 लिटरच्या आसपास. चुकतंय कुठे? शिवाय क्लासच्या नोट्समध्ये 22.4 ऐवजी 22.7 आहे. परीक्षेत काय लिहायचं?

पाटीपेन्सिल: 22.4 च. आमच्या वेळी दुसरा आकडाच नव्हता.

निवृत्त_मास्तर: दोन्ही आकडे बरोबर आहेत, अट वेगळी आहे. 0 अंश सेल्सिअस आणि 1 ॲटमॉस्फिअर दाबाला 22.4 लिटर. 1982 पासून आययूपॅकने (रसायनशास्त्राची मानकं ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) प्रमाण दाब 1 बार केला. बार ॲटमॉस्फिअरपेक्षा किंचित कमी, म्हणून वायू किंचित जास्त जागा घेतो: 22.7. प्रश्नात दाब दिला असेल तर तोच पाहायचा. नुसतं एसटीपी (प्रमाण तापमान आणि दाब) लिहिलं असेल तर तुमच्या बोर्डाचं पुस्तक जे म्हणतं ते.

आता सिलिंडर. मुलीचे 245 मोल अगदी बरोबर आहेत. ग्रॅमवरून मोल काढताना पदार्थ घन, द्रव की वायू, याने काही फरक पडत नाही. लिटरच्या पायरीला मात्र पडतो, कारण 22.4 फक्त वायूसाठी. सिलिंडरमध्ये गॅस दाबाखाली द्रव होऊन बसलेला असतो. हलवून बघा, डुचमळतो. तो द्रव 25 लिटरच्या आसपास भरतो, वरची जागा मुद्दाम मोकळी ठेवतात. 5,488 लिटर हे तो सगळा बाहेर येऊन वायू झाल्यावरचं आकारमान. तेही 0 अंशाला! आपल्याकडे 25 अंश आणि 1 बार धरा, म्हणजे मोलला 24.8 लिटर. उत्तर सहा हजारांच्या वर जाईल.

धागाकर्ता: मास्तर, खूप आभार. डुचमळतो खरा! आता कन्यारत्नाचा पुढचा प्रश्न: सगळा जाळला तर कार्बन डायऑक्साइड किती किलो?

निवृत्त_मास्तर: किलोवरून थेट किलोवर उडी नको, मधे मोल हवेतच. ब्युटेनच्या एका रेणूत चार कार्बन, म्हणून एका मोलमागे कार्बन डायऑक्साइडचे चार मोल. 245 चे 980. त्याचा एक मोल 44 ग्रॅम, म्हणून गुणिले 44, म्हणजे 43 किलो.

पाटीपेन्सिल: 14 किलोतून 43? काहीतरी गडबड आहे.

निवृत्त_मास्तर: नाही हो. त्यातले 31 किलो ऑक्सिजनचे, तो स्वयंपाकघरातल्या हवेतून आला. म्हणूनच खिडकी उघडी ठेवा म्हणतात.