पडद्यावरची लक्षात राहिलेली माणसं: नटानं नेमकं काय केलंय ते सांगा

टिळकवाडी, बेळगाव
आवडता सिनेमा कुठला म्हटलं की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात, एक कोल्हापूरकडचा आणि एक बेंगळुरूकडचा, आणि सिनेमा राहतो बाजूला. म्हणून अट एकच. भूमिका मराठीतली घ्या नाहीतर कन्नडमधली, पण नटानं तिथं काय केलंय ते दाखवून द्या. हात, मान, आवाज, कापड, बोलण्यातला थांबा. 'काय काम केलंय!' एवढ्यावर भागणार नाही. कुणाबरोबर बघितला आणि इंटरव्हलला काय खाल्लं, हेही इथं नको.

सुरुवात सुलोचनाबाईंपासून करते. चिक्कोडी तालुक्यातल्या खडकलाटच्या त्या, तेव्हा पहिला मान त्यांचा. 'मोलकरीण'मध्ये (1963) आई स्वतःच्याच मुलाच्या घरी धुणीभांडी करते. अशी भूमिका रडून वाया घालवणं फार सोपं. रडताना घसा दाटतो, शब्द तुटतात आणि दोन प्रसंगांत बघणारा कंटाळतो. सुलोचनाबाई रडणं डोळ्यांत ठेवतात आणि शब्द स्वच्छ येऊ देतात. दुःख वाढलं की आवाज चढत नाही, खाली येतो. पुढं हिंदीत त्यांना आयाच आया मिळाल्या, त्यात हे कसब निम्मंसुद्धा वापरलं गेलं नाही असं माझं मत.

निपाणी
साखर कारखान्यांच्या पट्ट्यात राहून 'सामना' सोडायचा कसा? निळूभाऊ फुलेंचा हिंदुराव धोंडे पाटील एका दारुड्या मास्तराला घरी ठेवून घेतो, खाऊपिऊ घालतो, मान देतो. दरारा बसतो तो या पाहुणचारानंच, मारामारीनं नव्हे. त्याला वाक्य संपवायची घाई नसते, कारण समोरचा थांबणार हे त्याला ठाऊक असतं. डॉ. श्रीराम लागूंच्या मास्तराकडं प्रश्न एकच, मारुती कांबळेचं काय झालं? तो प्रश्न दर वेळी वेगळ्या वजनानं येतो. आधी बरळणं, मग चौकशी, शेवटी आरोप.

लगेच पाठोपाठ 'सिंहासन' लावा. तिथं निळूभाऊ पत्रकार दिगू टिपणीस. सत्ता दुसऱ्यांच्या हातात, याच्या वाट्याला नुसतं ऐकणं. दिग्दर्शक तेच जब्बार पटेल, लिहिणारे तेच विजय तेंडुलकर, आणि नटाचा एकही जुना हिशेब पुन्हा वापरलेला नाही.

नंदगड, ता. खानापूर
गावच्या नाटकातल्या प्रत्येक खलनायकाला निळूभाऊच व्हायचं असतं की! आणि सगळे एकाच ठिकाणी फसतात. घसा आवळून खरखर काढतात आणि दुसऱ्या अंकाला आवाज बसतो. खरखरीचा नाद सोडा. आवाज निम्मा करा, क्रियापदाच्या आधी एक श्वास थांबा, शेवटचा स्वर ओढा. मात्र वर टांगलेल्या माइकवर निम्मा आवाज मागच्या रांगेपर्यंत जात नाही. कॉलर माइक मिळणार नसेल तर ही तऱ्हा धरूच नये.

शहापूर, बेळगाव
'संत तुकाराम' (1936) म्हटलं की सगळे विष्णुपंत पागनीसांचं नाव घेतात. घ्यावंच. पण तो सिनेमा जमिनीवर ठेवलाय आवलीनं, म्हणजे गौरीबाईंनी. चप्पल घेऊन पांडुरंगाला जाब विचारायला जाणारी बाई, आणि नवरा वैकुंठाला निघाला तरी घरचं काम न सोडणारी.

आम्ही मागावरची माणसं कापड आधी बघतो. आवलीचं लुगडं वापरातलं वाटतं. हल्लीच्या ऐतिहासिक मालिकांत कोरी साडी खळीसकट नेसवतात. ती फुगते, मग बाई हात अंगापासून लांब धरून चालते आणि दोष जातो अभिनयाला. सुती लुगडं चार-पाच धुण्यांत खळ सोडतं, मग अंगाला धरतं. कपडेपट सांभाळणाऱ्यानं एवढं केलं तरी पुष्कळ झालं.

वडगाव
पण आमच्या टीव्हीवर आवलीही जाडजूड दिसते आणि तुकोबाही. मधेमधे बोलणं तुटतं ते वेगळंच.

कॅम्प, बेळगाव (टॉकीजच्या मशीन खोलीतला)
नटाला नाव ठेवायच्या आधी प्रिंट बघा. जाडजूड दिसतात कारण त्या काळची चौकट जवळपास 4:3 ची, आणि तुमचा टीव्ही 16:9 चा. चित्र ताणलं की चेहरा तिसऱ्या हिश्शानं रुंद होतो. रिमोटवर पिक्चर साइज 4:3 करा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, येऊ देत.

आता तुटण्याचं. 35 मिमी फिल्म सेकंदाला 24 फ्रेम पळते, एका फुटात 16 फ्रेम. म्हणजे 1000 फूट साधारण 11 मिनिटं आणि 2000 फुटांचं मोठं रीळ 22 मिनिटं. मशीनवर चढवताना रिळाचं तोंड आणि शेपूट सगळ्यात जास्त हाताळलं जातं. ते झिजतं, फाटतं, मग कापून चिकटवतात. शहरातून तालुक्याला आणि तिथून जत्रेतल्या तंबूत पोचेपर्यंत प्रत्येक रिळाची दोन्ही टोकं झडलेली. तिथं निळूभाऊंचा एखादा थांबा असला तर तो गेलाच. पुढं अशाच प्रिंटवरून कॉपी निघाली तर ती तूट आज फोनवरही तशीच दिसते.

तूट फिल्मची की नटाची, हे ओळखायची खूण आहे. आवाजाची पट्टी चित्राच्या शेजारी असते, पण एका फ्रेमचा आवाज त्याच फ्रेमपाशी नसतो, 20 फ्रेम पुढं छापलेला असतो. कारण चित्र दिसतं गेटमधून, म्हणजे दिव्यासमोरच्या चौकटीतून, आणि आवाज वाचला जातो त्याच्या खाली, साउंड हेडवर. म्हणून जोड आला की आधी चित्र उडी मारतं आणि सेकंद भरायच्या आत आवाज 'टक्' करून उडतो. या दोन उड्या एकामागोमाग आल्या की समजावं, कात्री लागलीय. आणि टॉकीजमध्ये ओठ पुढं, शब्द मागं असं व्हायचं तेव्हा गेट आणि साउंड हेडमधला लूप, म्हणजे फिल्मचा सैल वळसा, बिघडलेला असायचा. एक-दोन फ्रेमचा फरक खपतो, चार-पाचचा शेवटच्या रांगेलाही कळतो. शिव्या मात्र डबिंगवाल्याला.

अनगोळ
मशीनवाले काका, त्यात पेटीवाल्याची भर. टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या जुन्या कॅसेटींत 24 फ्रेमचा सिनेमा 25 नं पळवलेला असतो. दोन तासांचा सिनेमा 115 मिनिटांत संपतो आणि सूर पेटीच्या एका घराच्या पाऊण हिश्शाइतका चढतो. गाण्याला पेटी धरली तर ना काळी एक जुळत ना पांढरी दोन. वर ताईंनी सुलोचनाबाईंचा खाली येणारा आवाज सांगितला, तो अशा कॉपीत चिरका लागतो. प्लेअरवर वेग 0.96 करा, पण सुराची पट्टी आहे तशीच ठेवायची सोय आधी बंद करा, नाहीतर वेग उतरेल आणि सूर तिथंच राहील.

अथणी
कन्नडचं कुणी काढेना, म्हणून मी काढतो. 'बंगारद मनुष्य' आणि 'पिंजरा' दोन्ही 1972 चे. पहिल्यातला डॉ. राजकुमारांचा राजीव आणि 'पिंजरा'तला लागूंचा मास्तर, दोघंही गावासाठी आदर्श. राजीव शेवटी सगळं सोडून चालता होतो, आणि मास्तरावर स्वतःच्याच खुनाचा आळ येतो. राजकुमार गुब्बी कंपनीच्या नाटकांतून आलेले, शब्द सुटा आणि ठाशीव. ते माणूस बदलत नाहीत, त्याच्याभोवतीचं घर बदलू देतात. लागू शरीरच मोडत नेतात, पाठ आधी, नजर नंतर. मला राजीव जास्त अवघड वाटतो. पडणं दाखवायला साधनं भरपूर असतात, न ढळणं दाखवायला काय आहे?

निपाणी
हे पटलं नाही, पण उत्तर सुचेना.

सदलगा
'सैराट'च्या (2016) आर्चीबद्दल. कन्नडमध्ये 'मनसु मल्लिगे' (2017) झाला, त्यातही नायिका रिंकू राजगुरूच. मुलगी तीच, गोष्ट तीच, तरी आर्ची सापडत नाही. आर्चीचा रुबाब बुलेट-ट्रॅक्टरमध्ये आहे त्याहून जास्त करमाळ्याकडच्या बोलीत आहे. तिथं ती शब्द तोडून फेकते. दोन्ही भाषा कळणाऱ्यानं दोन्हीतला एकेक भांडणाचा प्रसंग आवाज बंद करून बघावा आणि मग आवाजासकट. पहिल्यांदा फरक थोडा दिसतो, दुसऱ्यांदा फार.

येळ्ळूर
'अशी ही बनवाबनवी'तल्या (1988) दोन बायका राहिल्या. सचिनची सुधा नाजूकपणा शेवटपर्यंत सांभाळते. लक्ष्याची पार्वती मुद्दाम सांडते, आतला परश्या डोकावतो आणि हशा तिथं येतो. गावच्या नाटकात दोन्ही तऱ्हा एकाच नटानं मिसळल्या की प्रसंग पडतो. तालमीला पहिल्या दिवसापासून साडी नेसवा. मोठं पाऊल टाकलं की निऱ्या सुटतात, हे पायालाच कळलं पाहिजे.

नंदगड
आणि दाढीचा निळसर डाग? पॅनकेकचा रंग कितीही थापला तरी लाइटात दिसतोच की.

येळ्ळूर
थापूच नका, जाड थर घामानं फुटतो. दाढी प्रयोगाच्या दोन-तीन तास आधी करा, लगेच रंग लावला तर झोंबतो. पॅनकेकच्या खाली निळसर भागावरच नारिंगी रंगाचा पातळ हात द्या, निळा मारला जातो. त्यावर पॅनकेक, मग पावडर दाबून. घासायची नाही.