बोर्ड बदलला की विंडोजही नवं घ्यायचं?

जुना_कॅबिनेट:
ओईएम विंडोज, म्हणजे पीसीसोबतच टाकून आलेलं, मदरबोर्डाला बांधलेलं असतं. रॅम, एसएसडी बदला, सहसा काही होत नाही. बोर्ड बिघडला आणि पीसी बनवणाऱ्याने त्याच तोडीचा बसवला, तरी लायसन्स राहतं. पण जास्त वेगाचा बोर्ड घातलात की करारानुसार तो 'नवा पीसी', पुन्हा पैसे मोजा. कॅबिनेट तेच, डिस्क तीच, वापरणारा तोच! ही लूटच.

टॉर्क्स_टी८:
लूट कसली? ओईएम स्वस्त मिळतं ते याच अटीवर. हलवायचं असेल तर रीटेल, म्हणजे सुटं विकत मिळणारं, घ्यावं. आपल्याकडे काय आहे ते आधी बघा: अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये (हुकूम टाइप करायची काळी खिडकी) 'एसएलएमजीआर /डीएलआय' (slmgr /dli) द्या. रीटेल निघालं तर त्याच 'एसएलएमजीआर'पुढे जुन्या मशीनवर '/यूपीके' (/upk), नव्यावर '/आयपीके' (/ipk) आणि २५ अक्षरी प्रॉडक्ट की, मग अ‍ॅक्टिव्हेट करायला '/एटीओ' (/ato). संपलं.

जुना_कॅबिनेट:
कुठलं संपतंय! '/यूपीके' त्या मशीनवरची की काढतं, मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला काहीच कळवत नाही. विंडोज १० पासून डिजिटल लायसन्सची नोंद तिथे जुन्या हार्डवेअरच्या नावावर असते. म्हणजे पूर्ण पैसे देऊन घेतलेलं रीटेलही नव्या बोर्डावर अडू शकतं.

तिसरा_स्लॉट:
अडतं ते बहुतेकदा तयारीअभावी. बोर्ड काढण्याआधी मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करा आणि अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर लायसन्स खात्याशी जोडल्याचं स्पष्ट लिहिलंय का ते वाचा. नुसतं 'डिजिटल लायसन्स' दिसत असेल तर जोडलेलं नाही. बोर्ड बसल्यावर त्याच पानावरच्या ट्रबलशूटमध्ये 'हार्डवेअर नुकतंच बदललं' हा पर्याय घेऊन यादीतला जुना पीसी निवडा. विंडोजची एडिशन (होम किंवा प्रो) तीच हवी, होमच्या लायसन्सवर प्रो चालत नाही. आणि रीटेल प्रो ब्रँडेड लॅपटॉपवर नेत असाल तर जपून: तिथे बायोसमध्येच, म्हणजे बोर्डावरच्या चिपमध्ये, होमची की असते, इन्स्टॉलर न विचारता होम टाकून मोकळा होतो. प्रोची की मग सेटिंग्जमधून घाला.

टॉर्क्स_टी८:
या वाटेने कधीकधी ओईएमही अ‍ॅक्टिव्हेट होतं. पण म्हणून हक्क मिळत नाही. ऑडिटवाले बिल मागतात, स्क्रीनवरची टिक नाही.

जुना_कॅबिनेट:
सर्व्हर हो म्हणतो, करार नाही म्हणतो, आणि चूक ग्राहकाची? युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीच्या खटल्यात कायमस्वरूपी लायसन्स दुसऱ्याला विकायला मोकळीक दिली. स्वतःची प्रत निकामी करायची, एवढंच. बोर्ड बदलणाऱ्यालाही तेवढंच सांगा की.

टॉर्क्स_टी८:
त्याच निकालात अनेक जणांसाठीचं लायसन्स फोडून तुकड्यांनी विकायला मनाई आहे, तेही सांगा. ऑनलाइन काही शे रुपयांत मिळणाऱ्या की बऱ्याचदा कंपन्यांच्या अशा गठ्ठ्यांतूनच फुटलेल्या असतात. '/डीएलआय'मध्ये 'व्हॉल्यूम' (म्हणजे गठ्ठ्यातलं) दिसलं, तर त्याच दिवशी पैसे परत मागा.