बिलं थकू लागली की आधी कुणाला सांगावं: घरच्यांना की बिल पाठवणाऱ्यांना?

उंबरठा:
दोन वर्षांपूर्वी माझी नोकरी गेली आणि पाच महिने घरात पगार नव्हता. पहिले दोन महिने मी बिलांची पाकिटं न फोडताच कपाटाच्या वरच्या खणात टाकत होते. फोन वाजला की पोटात गोळा यायचा. मग एका रात्री सगळी खाली काढली, फरशीवर मांडली आणि तीन ढीग केले. पहिल्यात घरभाडं, वीज, पाणी, औषधं. दुसऱ्यात जे थकलं तर दंड लागेल, पण घर चालू राहील ते. तिसऱ्यात जे बंदच करता येईल ते. दुसऱ्या दिवशी वीज पुरवणाऱ्यांना फोन लावला. म्हटलं, "भरायचंय, पण एकदम जमणार नाही." चार हप्ते करून मिळाले. दोन महिने गप्प बसल्याचा विलंब आकार मात्र भरावाच लागला.

म्हणून माझं मत ठाम आहे. उसने मागण्याआधी, कर्ज काढण्याआधी बिल पाठवणाऱ्याला सांगा, आणि तेही मुदत टळायच्या आत.

पानगळ:
ताई, तुम्हाला हप्ते मिळाले म्हणून सगळ्यांनाच मिळतील असं नाही. मला अर्धा तास फोनवर ताटकळत ठेवून "तशी सोय नाही" एवढंच सांगितलं. मदत करणाऱ्या एका संस्थेकडे गेले, तर उत्पन्नाचा दाखला, बँकेचे तपशील, भाड्याचा करार, नोकरी सुटल्याचं पत्र. एक कागद कमी पडला की पुढची तारीख. शेवटी मोठ्या भावाने पैसे पाठवले आणि वर एक शब्द विचारला नाही. आपली माणसं असताना परक्यांपुढे हात का पसरायचे?

साधी_रेघ:
सगळ्यांचा भाऊ तुमच्या भावासारखा नसतो. घरच्यांचे पैसे बिनव्याजी असले तरी बिनहिशेबी नसतात. मी बहिणीकडून घेतले होते. परत करायला आठ महिने लागले आणि त्या आठ महिन्यांत तिच्याशी मोकळेपणानं बोलल्याचं मला आठवत नाही. तिने कधी तगादा लावला नाही, तरीही. हप्ता मागताना ते दडपण नव्हतं, कारण तो व्यवहार होता.

मुक्कामी:
दोन्ही बाजूंचं वाचलं. पण आधी खर्चाला कात्री लावायला नको का? अंथरूण पाहून पाय पसरले असते तर ही वेळ बहुतेकांवर आली नसती. हिशेब नीट ठेवला तर मदतीची गरजच पडत नाही.

साधी_रेघ:
मुक्कामी, आजारपण आणि नोकरी जाणं हे हिशेबात कुठल्या रकान्यात लिहायचं? २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा अभ्यास आला होता. त्याच शेतकऱ्यांची तोडणीआधी, हातात पैसा नसताना, आणि तोडणीनंतर अशी दोनदा चाचणी घेतली. आधीच्या वेळी गुण कमी पडले. माणूस तोच, चणचणीने डोकं गुंतलेलं. अशा वेळी "हिशेब नीट ठेवा" हे ऐकवणं मला क्रूर वाटतं.

उंबरठा:
पानगळ, तुमचं एक म्हणणं मला पटतं. समोरच्याच्या मर्जीवर सगळं अवलंबून असणं चूक आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये मे २०२१ पासून यासाठी नियमच आहे. कर्ज सल्लागारामार्फत अर्ज मंजूर झाला की ६० दिवस बहुतेक देण्यांवरचं व्याज, दंड आणि वसुलीचा तगादा थांबतो. देणं माफ होत नाही, चालू बिलं भरावीच लागतात, पण श्वास घ्यायला वेळ मिळतो. जिथे असा नियम नाही तिथे तोंडी नकारावर थांबू नका. लेखी अर्ज करा, पोच घ्या, वरिष्ठांशी बोलायचंय म्हणा. जमेल तेवढीच रक्कम सांगा. जास्तीची कबूल करून दुसराच हप्ता चुकला, तर पुन्हा सवलत मिळणं अवघड होतं.

आणि पहिल्या ढिगातली बिलं क्रेडिट कार्डावर ढकलू नका. महिना ३ टक्के ऐकायला थोडे वाटतात, चक्रवाढीने ते वर्षाला ४२.६ टक्के होतात. किमान रक्कम भरत राहिलात तर बराचसा पैसा व्याजातच जातो. झटपट कर्जाच्या ॲपबद्दल तर बोलायलाच नको.

काठावर:
मी नवीन आहे. भाड्याची तारीख दहा दिवसांवर आहे आणि अर्धेच पैसे आहेत. घरमालकाला आताच सांगू की तारीख उजाडल्यावर?

उंबरठा:
आजच सांगा. अर्धे आज देतो, उरलेले अमुक तारखेला, असं म्हणा आणि बोलणं झाल्यावर तेच मेसेजवर लिहून पाठवा. तारीख मात्र खरोखर जमेल तीच द्या.

पानगळ:
काठावर, सोबत भावाबहिणींपैकी कुणाच्या तरी कानावर घाला. पैसे मागू नका हवं तर, नुसतं सांगा. ताई, मी लेखी अर्ज करून बघते. पाण्याचं बिल अजून तसंच पडलंय.