मुलीच्या बाळंतपणासाठी जर्मनीत पाच महिने राहायचे आहे. कोणता व्हिसा घ्यावा?

निवृत्त मुख्याध्यापक, सोलापूर

सप्रेम नमस्कार. माझी कन्या आणि जावई स्टुटगार्ट येथे नोकरीला असून कन्येचे पहिले बाळंतपण येत्या डिसेंबरच्या मध्यावर अपेक्षित आहे. रीतीप्रमाणे पहिले बाळंतपण माहेरी व्हायला हवे; परंतु तिचे डॉक्टर, विमा आणि रजा हे सारे तिकडेच असल्यामुळे या वेळी माहेरानेच उठून तिकडे जायचे, असे आम्ही उभयतांनी ठरविले आहे. १ नोव्हेंबरला पोहोचावे आणि मार्चअखेर परतावे, असा आमचा पाच महिन्यांचा बेत आहे.

येथील एका एजंटाचे म्हणणे असे, की टुरिस्ट व्हिसावर ९० दिवस मिळतात. ते संपत आले की आठवडाभर लंडनला जाऊन यायचे, म्हणजे पुढचे ९० दिवस नव्याने सुरू होतात. शिवाय अर्जात मुलीचा उल्लेख न करता नुसते ‘पर्यटन’ लिहावे, हॉटेलची बुकिंग जोडावीत आणि व्हिसा हातात आला की ती रद्द करावीत, असेही त्यांनी सुचविले. तीस वर्षे मुलांच्या दाखल्यांवर सही करताना जन्मतारीख दोनदा तपासणाऱ्या माणसाला हे पचनी पडत नाही. दुसरीकडे, आमचे शेजारी अमेरिकेत मुलाकडे सलग सहा महिने राहून आले, मग जर्मनीतच अडचण का, हेही उमगत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

हिशेबनीस, जुळे सोलापूर

सर, नमस्कार. एजंटाने सांगितलेली लंडनची युक्ती चुकीची आहे आणि ती महागात पडू शकते, म्हणून आधी तेवढेच स्पष्ट करतो.

जर्मनी शेंगेन क्षेत्रात मोडते. या क्षेत्रातील २९ देशांचा अल्पमुदतीचा व्हिसा एकच असतो आणि त्याचा नियम असा, की कोणत्याही १८० दिवसांत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. हे १८० दिवस पंचांगातल्या सहामाहीप्रमाणे ठरावीक तारखेला सुरू होत नाहीत. मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी त्या दिवसासह मागचे १८० दिवस मोजायचे आणि त्यांत आपण किती दिवस आत होतो ते पाहायचे. पोहोचण्याचा आणि निघण्याचा असे दोन्ही दिवस धरले जातात. ब्रिटन शेंगेनमध्ये नसल्यामुळे तिथे घालविलेला आठवडा मोजला जाणार नाही हे खरे, पण आधी वापरलेले दिवस त्यामुळे पुसले जात नाहीत. (त्यासाठी ब्रिटनचा वेगळा व्हिसा काढावा लागेल, हे एजंट बहुधा बोलले नसावेत.) स्वित्झर्लंड मात्र शेंगेनमध्येच येते, त्यामुळे जावयांनी तिकडची सहल काढली तरी मोजणी चालूच राहील.

आता तुमचा बेत मोजून पाहू. १ नोव्हेंबरला पोहोचलात तर नोव्हेंबरचे ३०, डिसेंबरचे ३१ आणि जानेवारीचे २९ मिळून २९ जानेवारीला ९० दिवस भरतात. त्यानंतर ३० एप्रिलपर्यंत पुन्हा पाऊल ठेवता येणार नाही, कारण १ नोव्हेंबरचा दिवस १८० दिवसांच्या मोजणीतून त्या तारखेला प्रथम बाहेर पडतो. व्हिसावर ‘मल्टिपल एन्ट्री’ असले किंवा त्याची वैधता वर्षभराची असली तरी या हिशेबात फरक पडत नाही. व्हिसाची वैधता आणि मुक्कामाचे दिवस हे त्या स्टिकरवरचे दोन वेगळे रकाने आहेत, आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त घोटाळा तिथेच होतो.

तुमच्या शेजाऱ्यांचे कोडेही याच फरकाने सुटते. अमेरिकेच्या व्हिसाची वैधता दहा वर्षांपर्यंत असू शकते, पण प्रत्येक खेपेला किती राहायचे ते विमानतळावरचा अधिकारी ठरवितो आणि भेटीसाठी आलेल्यांना तो साधारणपणे सहा महिने देतो. ब्रिटनच्या साध्या व्हिजिटर व्हिसावरही सहा महिन्यांपर्यंत राहता येते. प्रत्येक देशाची रीत वेगळी, एवढेच त्याचे उत्तर.

मुदतवाढीच्या भरवशावर राहू नये. ती अनपेक्षित आपत्ती, मानवतेचे कारण किंवा गंभीर वैयक्तिक कारण असेल तरच मिळते, आणि आधीपासून ठाऊक असलेले बाळंतपण त्यात बसविणे कठीण आहे. मुदत उलटल्यावर कुणाचे लक्ष जाणार नाही, असेही आता मानू नये. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर शिक्क्यांऐवजी बोटांचे ठसे आणि चेहरा टिपणारी संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झालेली आहे.

दोन नातवंडांची आजी

सर, हिशेबनीसांचा हिशेब चोख आहे. पण पाच महिने हवेत ते मुलीला, आणि तेवढे तुम्ही दोघांनी एकत्रच राहिले पाहिजे असे कुठे आहे? ९० दिवसांची मर्यादा माणशी आहे. माझ्या मोठ्या लेकीच्या वेळी आम्ही दोघे जोडीने गेलो आणि जोडीने परतलो. जावयांची रजा संपली त्याच आठवड्यात आमचे विमान होते, आणि लेक व्हिडिओ कॉलवर काही न बोलता नुसती बसून राहायची. धाकटीच्या वेळी मात्र शहाणपण सुचले: आधी मी गेले आणि मागाहून हे आले.

तुमच्याकडे बाळंतपण डिसेंबरच्या मध्यावर आहे, तर १ नोव्हेंबरला जाऊन सहा आठवडे वाट पाहण्यात का घालवायचे? वहिनींनी १ डिसेंबरला पोहोचावे. डिसेंबर ३१, जानेवारी ३१ आणि फेब्रुवारी २८ मिळून बरोबर ९० दिवस होतात, म्हणजे २८ फेब्रुवारीपर्यंत त्या राहू शकतील. तुम्ही गड्ड्याची यात्रा आटोपून १८ जानेवारीला पोहोचलात तर तुमचे ९० दिवस १७ एप्रिलला भरतील. मुलीला साडेचार महिन्यांहून अधिक काळ आईवडिलांपैकी कुणीतरी जवळ राहील आणि मधले सहा आठवडे तुम्ही दोघेही असाल. बाळ ठरल्यापेक्षा आधी येईल अशी धास्ती असेल तर वहिनींनी आठवडाभर आधी निघावे, तेवढे दिवस पुढून कमी होतील. तिकडे बाळंतिणीच्या घरी येणारी सुईण असते, तिला ‘हेबामे’ म्हणतात. तिचा खर्च सरकारी आरोग्यविम्यातून भागतो. त्यामुळे पहिल्या आठवड्यांत वैद्यकीय बाजू सांभाळली जाते. खरी ओढाताण ती यायची थांबल्यावर आणि जावई कामावर रुजू झाल्यावर होते, आणि तेव्हा आजोबांनी दुपारी बाळाला मांडीवर घेऊन बसणे हीसुद्धा मोठी मदत असते.

वहिनींना एकटीने विमान बदलायची भीती वाटत असेल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअरची सोय मागून घ्यावी. पाय धडधाकट असले तरी संकोच करू नये. मी मागितली होती, आणि इमिग्रेशनपासून पुढच्या विमानाच्या दारापर्यंत एका भल्या मुलीने मला न बोलता पोहोचविले.

अर्जात मात्र खरे तेच लिहावे: उद्देश ‘कुटुंबाची भेट’. व्हिसा त्याच प्रकारचा मिळतो, फक्त कागद वेगळे लागतात. कन्येने तिच्या गावच्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून, म्हणजे ‘आउसलेंडरबेहोर्डे’तून, तुमच्या खर्चाची हमी देणारे पत्र करून घ्यावे. त्याचे नाव लांबलचक आहे, ‘फेरफ्लिश्टुंग्स-एरक्लेरुंग’, पण ते मूळ पत्र जोडले की हॉटेलच्या खोट्या कागदांची गरजच उरत नाही.

हिशेबनीस, जुळे सोलापूर

आजींचा तोडगा माझ्यापेक्षा सरस आहे. त्याला जोडून काही तपशील देतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. पण हिवाळ्याच्या प्रवासासाठी पुण्याच्या व्हिसा-अर्ज केंद्रातील अपॉइंटमेंट जितकी लवकर मिळेल तितकी बरी. दोघांच्या तारखा वेगळ्या असल्या तरी अर्ज एकाच दिवशी द्यायला हरकत नाही, म्हणजे पुण्याची एक खेप वाचते. सोबतच्या पत्रात तारखा वेगळ्या का आहेत ते दोन ओळींत लिहावे. शुल्क जून २०२४ पासून प्रत्येकी ९० युरो आहे. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा आणि दहा वर्षांपेक्षा जुना नको.

पुण्यातला सोलापूरकर

आणखी एक वाट आहे, ती तुम्हाला लागू पडते का ते पाहावे. १ मार्च २०२४ पासून जर्मनीने कुशल नोकरदारांच्या आईवडिलांना दीर्घकाळ राहण्याची मुभा दिली आहे. मात्र त्या नोकरदाराला निवासाचा परवाना प्रथमच १ मार्च २०२४ रोजी किंवा त्यानंतर मिळालेला असला पाहिजे, आणि आईवडिलांचा चरितार्थ, आरोग्यविम्यासह, भागविता आला पाहिजे. साठीनंतर तिकडचा विमा मिळविणे हेच यात सर्वांत अवघड असते. कन्येला परवाना केव्हा मिळाला?

निवृत्त मुख्याध्यापक, सोलापूर

सर्वांचा अत्यंत आभारी आहे. कन्येला ब्लू कार्ड, म्हणजे कुशल नोकरदारांचा निवासाचा परवाना, २०२१ साली मिळाले, त्यामुळे शेवटची वाट आमच्यासाठी बंद आहे. आजींचा बेत सौभाग्यवतींना वाचून दाखविला. त्या प्रथम काहीच बोलल्या नाहीत, नंतर म्हणाल्या, “म्हणजे दीड महिना तुमच्या जेवणाचे कोण बघणार?” ही अडचण माझ्या लक्षात आली नव्हती. भाकरी शिकायला अजून अवधी आहे. हमीपत्रासाठी कन्येला आजच कळविले आहे. आता एकच शंका उरते: मला दहा वर्षांपासून मधुमेह आहे, तर विमा कसा घ्यावा?

दोन नातवंडांची आजी

व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय संरक्षण असलेला विमा लागतो आणि तो मुक्कामाच्या सर्व दिवसांचा हवा. मधुमेह फॉर्ममध्ये लिहावाच. लपविला तर दावा नाकारण्याला कारण मिळते. आधीपासूनच्या आजारातून काही उद्भवले तर कंपनी कितपत खर्च देईल, ते पॉलिसीच्या मजकुरात शोधून वाचावे, विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नये. तीन महिन्यांची औषधे आणि डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी हातातल्या बॅगेत ठेवावी. शेंगाचटणी मोठ्या बॅगेतून न्यावी, पण घरचे तूप नेऊ नये. बाहेरच्या देशांतून दुधाचे पदार्थ आणायला तिकडे मनाई आहे.